वाटांची भूमिती

तोरण्याच्या बुधला माचीवर उभे राहून समोर पाहिले म्हणजे राजगडाचा बालेकिल्ला इतका जवळ भासतो की, येथून हाक घातली तर पद्मावती माचीवरून ओ यावी. परंतु वेल्ह्याच्या एखाद्या वृद्ध गृहस्थास ‘राजगड इथून किती लांब?’ असे विचारले, तर तो मैलांत किंवा कोसांत उत्तर देत नाही. ‘उजाडता निघालात तर दिस कलायच्या आत पोचाल, फक्त डोंगराची सोंड सोडू नका,’ एवढेच तो सांगतो. या उत्तरात अंतराचा उल्लेख नाही. वाट आहे, आणि त्या वाटेस लागणारा वेळ आहे. सरळ रेषेतील अंतर घारीच्या कामाचे. पायी चालणाऱ्याला या मुलखात वाट हीच पहिली वस्तू, आणि अंतर ही त्या वाटेवरून मागाहून काढलेली गोष्ट होय. हा साधा डोंगरी विचार गणिताच्या भाषेत मांडून, वाटा दिल्या असता त्यांच्यावरून अवकाशाचे स्वरूप कसे ओळखावे याचा शोध ज्यांनी घेतला, त्यांपैकी एक तरुण प्राध्यापक ह्याच जिल्ह्यात, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, १९३३ च्या सुमारास गणित शिकवीत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. इतिहासकार म्हणून ते आपल्या सुशिक्षित समाजास ठाऊक आहेत. त्यांच्या भूमितीची हकीकत मात्र मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही, आणि ती सांगताना मला वारंवार भोर-वेल्ह्याचा हा मुलूखच आठवत राहतो.

हा मुलूख मूळचा खोऱ्यांचा. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे अशी त्याची नावेच नद्यांवरून आणि गडांवरून पडलेली असून, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, अशी प्रत्येक खोऱ्याची देशमुखी निराळी, वतने निराळी आणि पुष्कळदा मोजमापेही निराळी असत. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड ओलांडावी लागे, आणि खिंडीपलीकडे अलीकडची माहिती जशीच्या तशी उपयोगी पडत नसे. तिचा तिकडच्या रिवाजाप्रमाणे तर्जुमा करावा लागे. वक्र अवकाशाची आधुनिक गणिती कल्पना याहून फारशी वेगळी नाही. संपूर्ण प्रदेशाचा एकच सपाट नकाशा असतो हे ती गृहीत धरीत नाही. लहान लहान तुकड्यांचे नकाशे असावेत, आणि दोन तुकडे जेथे एकमेकांवर येतात तेथे एकाची भाषा दुसऱ्यात कशी उतरवावी याचा नियम असावा, एवढीच तिची मागणी असते.

छत्रपती राजारामांच्या काळी शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि पुढे त्यांच्या वंशजांकडे भोरचे संस्थान राहिले, ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत. सचिवाचे काम कोणते, तर राजपत्रांतील मजकूर वाचून अधिकउणे अक्षर शुद्ध करणे आणि महाल-परगण्यांचे हिशेब तपासणे. म्हणजे कागदावरील हुकूम आणि जमिनीवरील वस्तुस्थिती यांचा मेळ राखणारा हा अधिकारी. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात जमाबंदीची मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापुराकडून बसवलेल्या पद्धतीत साखळी तेहेतीस फुटांची असून तिचे सोळा भाग ‘आणे’ म्हणून ओळखले जात. साखळीच्या चौरसास गुंठा म्हणावयाचे आणि ४० गुंठ्यांचा एकर धरावयाचा. देशावरच्या सपाट काळ्या जमिनीत हे काम सुरळीत चाले. डोंगरउतारावर मात्र साखळी आडवी ताणून, उताराचे टप्पे पाडीत मोजावे लागे, आणि खातेफोडीच्या नकाशात जे क्षेत्र उतरे ते डोंगराच्या पाठीचे नसून त्याच्या सपाट सावलीचे असे. मोजणीच्या ह्याच अडचणीतून भूमितीचे एक नवे शास्त्र युरोपात जन्मास आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कार्ल फ्रीड्रिख गाउस १८२१ पासून हॅनोव्हर राज्याची त्रिकोणमितीय मोजणी करीत कित्येक उन्हाळे डोंगरमाथ्यांवर हिंडला, आणि १८२७ साली त्याने वक्र पृष्ठभागांवरचा तो ग्रंथ लिहिला ज्यात एक अपूर्व गोष्ट सिद्ध केली होती: पृष्ठभागाची वक्रता जाणण्यासाठी त्याच्याबाहेर जाऊन पाहण्याची गरज नाही, पृष्ठभागावरच राहून, त्याच्यावरच साखळी टाकून ती काढता येते. पुढे रीमानने १८५४ साली ही कल्पना कितीही परिमाणांच्या अवकाशास लावली, आणि १९१७ मध्ये लेव्ही-चिव्हिता याने समांतरतेची युक्ती दाखवली. हातातील काठी जमिनीशी आडवी धरून, ती जराही न फिरवता, वक्र भूमीवरून एक मोठा फेरा मारून मूळ जागी यावे. काठीची दिशा आता निघतानाच्या दिशेशी जुळत नाही. जितका फरक पडला, तितकी त्या फेऱ्याच्या पोटात वक्रता साठलेली असते.

इतका वेळ अंतर हेच भूमितीचे मूलधन होते. १९२२ साली प्रिन्स्टनच्या आयझेनहार्ट आणि व्हेब्लेन यांनी ते बाजूस ठेवून पाहिले. समजा अंतर मोजण्याचे साधनच हाती नाही. केवळ कोणत्या वाटा स्वाभाविक आहेत, म्हणजे कोणत्या बिंदूपासून कोणत्या दिशेने सोडलेला प्रवासी पुढे कसा जाईल, इतकेच ठाऊक आहे. तर मग वक्रता, समांतरता वगैरे कल्पनांचे काय होते? जेसी डग्लसने १९२८ मध्ये हा विचार अधिक व्यापक केला. वेल्ह्याच्या त्या वृद्धाची जी दृष्टी, तीच ही, आणि कोसंबी ह्याच प्रश्नाकडे वळले.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातील कोसबेन येथला. वडील धर्मानंद हे पाली वाङ्मयाचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या शोधार्थ घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश हिंडलेला हा पुरुष १९१२ ते १९१८ फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होता. १९१८ मध्ये ते हार्वर्डला गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरास बरोबर घेऊन गेले. मुलाचे पुढले शिक्षण बहुतांशी तिकडेच होऊन १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने सर्वोच्च सन्मानासह मिळवली, आणि तो परत आला. आधी काशी हिंदु विश्वविद्यालय आणि नंतर अलीगढ येथे त्याने अध्यापन केले.

अलीगढचा काळ थोडका, पण त्यात एक योग असा जुळून आला की गणिताच्या इतिहासात त्याची नोंद राहिली. फ्रान्सचा आंद्रे वेल तेव्हा अवघ्या तेविसाव्या वर्षी अलीगढला गणिताचा प्राध्यापक म्हणून आलेला होता. कोसंबींना तेथे आणण्यात त्याचा हात होता. वेलच्याच सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एक लेख लिहिला, ज्यात ‘बुर्बाकी’ नावाच्या एका कल्पित रशियन गणितज्ञाचा हवाला दिलेला होता. काही वर्षांनी वेल आणि त्याचे मित्र यांनी मिळून ज्या नावाने गणिताची सबंध पुनर्रचना करणारे ग्रंथ लिहिले ते नाव हेच, आणि ते छापील स्वरूपात प्रथम आणले ते एका मराठी माणसाने, हिंदुस्थानातल्या एका नियतकालिकात.

नंतर कोसंबी पुण्यास आले. ज्या महाविद्यालयात वडिलांनी शिकवले होते तेथेच मुलगा गणित शिकवू लागला आणि बारा वर्षे शिकवीत राहिला. पगार बेताचा, विषयाचे ग्रंथ थोडे, पुण्यात ह्या विषयावर बोलावे असा दुसरा माणूस क्वचितच. पॅरिस, गॉटिंगेन, प्रिन्स्टन येथे जे काम दहा माणसे एकमेकांच्या खोल्यांत शिरून, फळ्यावर खडू आपटून करीत, ते येथे एकट्याने टपालावर विसंबून करायचे होते. ह्या एकांतात त्यांनी जे केले त्याचे मोल मला फार वाटते.

१९३३ साली ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकाच्या सदतिसाव्या खंडात, ६०८ ते ६१८ या पृष्ठांवर, समांतरता आणि वाटांचा अवकाश या विषयावरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचे मर्म साध्या शब्दांत असे सांगता येईल. प्रवाशाचे स्थान आणि वेग या दोन गोष्टी दिल्या असता त्याच्या वेगात पुढच्या क्षणी कोणता पालट होईल, हे सांगणारा एक नियम हाती असतो. गणितज्ञ त्याला द्वितीय कोटीचे विकलन-समीकरण म्हणतात. फेकलेल्या दगडाची वाट अशीच ठरते, ग्रहाची ठरते, आणि पावसाळ्यात तोरण्याच्या कड्यावरून सुटलेल्या धोंड्याचीही ठरते. कोसंबींनी विचारले की, एवढ्या एका नियमावरून, अंतराची कल्पना उसनी न घेता, समांतरता ठरवता येईल काय? शिवाय, पाहणाऱ्याने आपली मोजमापे, आपले नकाशे, आपली नावनिशी पालटली तरी जी पालटत नाहीत, अशी त्या वाटांची स्वतःची लक्षणे कोणती? गणिताच्या भाषेत त्यांना अविकारी राशी म्हणतात. खोरे पालटले, देशमुख पालटला, साखळी पालटली, तरी डोंगर पालटत नाही. ते न पालटणारे काय, हा शोध.

त्यासाठी त्यांनी जी युक्ती योजली ती शेजारच्या वाटांची. एका वाटेवरून एक माणूस निघाला, आणि त्याच्या कोपराला कोपर लावून दुसरा निघाला. नियम दोघांस एकच. पुढे या दोघांमधले लहानसे अंतर वाढेल की घटेल, आणि कोणत्या रीतीने, हे सांगणारे एक समीकरण मूळ नियमातून आपोआप निघते. दोन्ही वाटांतील फरकाचे हे समीकरण कोणत्याही नकाशात एकाच रूपाने लिहिता यावे, अशी अट घातली की समांतरतेचा एक निश्चित नियम हाती लागतो, आणि त्या नियमाबरोबर वक्रतेचे काम करणारी एक राशीही मिळते. अंतर न मोजता वक्रता मिळाली. ज्याला ह्या विषयाची रुची आहे त्याला हा क्षण आजही रोमांचित करतो.

त्याच खंडात, कोसंबींच्या प्रबंधाचे शेवटचे पान संपल्यावर लगेच ६१९ व्या पृष्ठावर, एक छोटेसे टिपण छापलेले आहे. त्याचे शीर्षक फ्रेंचमध्ये ‘मागील प्रबंधावरील निरीक्षणे’ अशा अर्थाचे असून त्याखाली नाव आहे एली कार्तां याचे. दोफिने प्रांतातील एका लोहाराचा हा मुलगा त्या वेळी चौसष्ट वर्षांचा होता आणि भूमितीच्या क्षेत्रात त्याच्या तोडीचा माणूस तेव्हा हयात नव्हता. अशा पुरुषाने एका सव्विशीच्या अप्रसिद्ध भारतीयाच्या प्रबंधास दुय्यम न लेखता, त्याच प्रश्नाकडे आपल्या रीतीने पाहून, त्याच्याशेजारी आपले उत्तर मांडावे, यात त्या प्रश्नाची प्रतिष्ठा दिसते. कार्तांची रीत निराळी होती. ज्या स्थित्यंतरांना मुभा आहे त्यांचा समूह आधी निश्चित करावा आणि त्या समूहाखाली टिकून राहणारे सर्व काही क्रमाने वेचून काढावे, ही ती रीत. १९३५ आणि १९३६ साली कोसंबींनी ऑक्सफर्डच्या गणित त्रैमासिकात द्वितीय आणि त्याहून वरच्या कोटीच्या वाटांवर आणखी लेख लिहिले. मध्यंतरी, १९३४ मध्ये, मद्रास विद्यापीठाचे रामानुजन पारितोषिक त्यांना मिळाले होते. मग १९३९ साली शीङ-शेन चेर्न या चिनी तरुणाने, जो पॅरिसला कार्तांपाशी राहून आलेला होता, हा प्रश्न अधिक विस्तृत मुभा देऊन फ्रेंच नियतकालिकात सोडवला. कोसंबी, कार्तां, चेर्न या तिघांच्या आद्याक्षरांवरून पुढे या सिद्धान्ताचे नाव रूढ झाले. पाच अविकारी राशींचा हा सिद्धान्त आज ‘केसीसी’ म्हणून ओळखला जातो. १९९३ च्या सुमारास आंतोनेल्ली, इंगार्डेन आणि मात्सुमोटो यांच्या ग्रंथातून तो पदार्थविज्ञान व जीवशास्त्र यांच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. त्या अक्षरांतील पहिले अक्षर आपल्या पुण्याचे आहे.

कोसंबी स्वतः भूमितीत राहिले नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर लेख लिहिला, १९४४ मध्ये आनुवंशिकीतील अंतराचे ते सूत्र दिले जे जगभरचे जनुकशास्त्रज्ञ अजून त्यांच्या नावाने वापरतात, आहत नाण्यांच्या वजनांवरून त्यांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९४५ मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गेले, आणि पुण्याचे घर न सोडता आगगाडीने मुंबईस जाऊन येऊन काम करू लागले. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ निघाला व जग त्यांना इतिहासकार म्हणून ओळखू लागले. संस्थेशी असलेला त्यांचा संबंध १९६२ मध्ये संपला. गणित सोडून ते इतिहासाकडे वळले असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो तितकासा पटत नाही. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून, दगडी हत्यारे वेचून, देवींची ठाणी आणि घाटातून उतरणारे व्यापारी मार्ग यांची सांगड घालणारा हा इतिहासकार ताम्रपटांआधी वाटा वाचत होता. राजे आणि सनावळ्या यांना त्याने दुय्यम मानले, माणसे कोठून कोठे व कशासाठी चालत गेली याला प्रधान मानले; आणि हीच वृत्ती १९३३ च्या प्रबंधातही आहे.

आता ह्या भूमितीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण खरी मौज तेथे आहे. तिचे मूळ मात्र मागे, नॉर्वेच्या सोफुस ली याच्यापाशी जाते. हा धिप्पाड पुरुष पट्टीचा पदयात्री होता. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले तेव्हा तो पॅरिसहून इटलीकडे पायी निघाला, आणि फाँतेनब्लोजवळ त्याच्या वहीतील गणिती चिन्हे हेरगिरीची सांकेतिक लिपी समजून त्याला कैदेत टाकण्यात आले. दार्बू या गणितज्ञाने खटपट करून सुमारे महिन्याभराने त्याची सुटका करवली. लीने जी गोष्ट जगास दिली ती डोंगरात चालणाऱ्यास सहज कळेल. सोंडेच्या दिशेने शंभर पावले चाला, मग उताराच्या दिशेने शंभर पावले उतरा. आता उलट करा: आधी शंभर पावले उतरा, मग शंभर पावले सोंडेच्या दिशेने चाला. सपाट माळावर दोन्ही वेळा एकाच जागी पोहोचाल. डोंगरात तसे होत नाही, कारण सोंडेची दिशा आणि उताराची दिशा ही जागोजाग पालटत असते. दोन शेवटांमध्ये जी फट राहते तिला लीचा कंस म्हणतात. दोन चालींमधून तिसरी चाल जन्मास घालणारी ही क्रिया त्याच्या सर्व गणिताचा कणा होय.

१९६७ साली झां प्रादीन याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात एक टिपण प्रसिद्ध करून या कल्पनेस नवे शरीर दिले, त्याचे नाव ली अल्जिब्रॉइड. प्रत्येक ठिकाणी आज्ञांचा एक संच ठेवलेला असतो. आज्ञा म्हणजे प्रत्यक्ष चाल नव्हे. आज्ञेचे चालीत रूपांतर करणारे एक साधन निराळे असते, आणि त्याला इंग्रजीत गलबताच्या नांगराचे नाव दिलेले आहे. मराठीत मात्र नांगर हा शब्द दुहेरी आहे. गलबत धरून ठेवणारा तो नांगर, आणि जमीन उलथणाराही नांगरच. मला दुसरा अर्थ अधिक समर्पक वाटतो. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरे ज्याने पाहिली आहेत त्याला हे सांगणे नको: बैलांना वर-खाली जाण्याची आज्ञा देता येत नाही, नांगर समान उंचीच्या रेषेनेच आडवा चालतो. म्हणजे आज्ञा कितीही असोत, नांगर ज्या दिशांना रेघ ओढतो त्या थोड्याच असू शकतात. आणि काही आज्ञा अशाही असतात की त्यांनी नांगर जागचा हलतच नाही, जसे की बैलाने जागच्या जागी तोंड फिरवावे. दोन आज्ञांचा कंस ही पुन्हा एक आज्ञाच असते, आणि आज्ञांचा कंस नांगरातून उतरवला असता तो चालींच्या कंसाशी तंतोतंत जुळतो. ज्या आज्ञेचा जोर जागोजाग कमीजास्त होतो तिच्याशी कंस करताना, तो जोर नांगराच्या वाटेवर किती पालटला याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. या शास्त्राचा पाया एवढाच आहे.

आणि मग येते कोहोमॉलॉजी. हिचा उगम पुन्हा कार्तांपाशी. त्याने बाह्य विकलनाची जी पद्धत घडवली तिचा एक नियम असा की, ती क्रिया लागोपाठ दोनदा केली असता शून्य उरते. याचे चित्र पाहायचे तर गडाकडे पाहावे. तटबंदी ही गडाची सीमा. पण त्या तटबंदीला स्वतःला टोक नसते, ती फिरून आपल्यालाच मिळते. सीमेला सीमा नसते, हे ते तत्त्व. आता असे समजा की राजगडाभोवती, गुंजवणे, वाजेघर, भुतोंडे अशा गावांवरून कोणी एक पूर्ण वळसा घालीत आहे. तो जितके चढला आणि जितके उतरला त्याची वजावाट शेवटी शून्यच येईल, कारण प्रत्येक ठिकाणाची उंची एकच एक ठरलेली आहे. परंतु बालेकिल्ल्याकडे पाहत पाहत त्याची नजर किती फिरली याची बेरीज केली तर शेवटी ३६० अंश भरतात, शून्य नव्हे. वाटेवर प्रत्येक पावलाला हिशेब बिनचूक होता, कोठेही चूक नव्हती, तरी एकंदर उरलेच. जे पावलापावलास निर्दोष असूनही संपूर्ण फेऱ्यात शून्य होत नाही, त्याची मोजदाद म्हणजे कोहोमॉलॉजी. आणि ते जे उरते ते मधोमध उभ्या असलेल्या गडाची वार्ता देते, वाटसरू त्यावर चढला नसला तरी. जॉर्ज द राम याने १९३१ साली वक्र अवकाशासाठी, आणि शव्हाले व आयलेनबर्ग यांनी १९४८ साली लीच्या बीजगणितांसाठी ही मोजदाद पक्की केली; प्रादीनच्या रचनेत ह्या दोन्ही धारा एक झाल्या.

खाचरांकडे परत येऊ. नांगर केवळ समान उंचीनेच चालणार असेल, तर त्या नांगराच्या दृष्टीने अचल असणाऱ्या राशी कोणत्या? ज्या केवळ उंचीवर अवलंबून आहेत त्या. भाताच्या एका खाचरात नांगर कितीही फिरला तरी त्याची उंची पालटत नाही. म्हणून कोहोमॉलॉजीची अगदी पहिली पायरी येथे आपणास उतारावरच्या खाचरांची जणू चढती यादीच लिहून देते. नांगराला सर्व दिशा मोकळ्या असत्या तर सबंध मुलखाची मिळून एकच नोंद उरली असती. तो आपापल्या खोऱ्यात बांधलेला असता तर खोऱ्यागणिक एक उरली असती. कोणत्या चालीला मुभा आहे यावरून अवकाशाचे किती तुकडे पडतात हे ती सांगते. वर म्हटलेल्या जेधे-बांदलांच्या वतनी खोऱ्यांची आठवण येथे मला टाळता येत नाही.

अलीकडे, एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत, रुमानियातील कॉन्स्टंटिन आर्कुश यांनी या रचनेचे सामान्यीकरण केले. प्रादीनच्या रचनेत आज्ञांचे दप्तर आणि चालण्याची भूमी ही एकाच अवकाशावर असतात. सामान्यीकृत ली अल्जिब्रॉइडमध्ये दप्तर एका अवकाशावर असते, चाल दुसऱ्यावर, आणि या दोन अवकाशांत बिंदूशी बिंदू जुळवणारे, कोठेही न फाटणारे व न दुमडणारे दुवे दिलेले असतात. एका भूमीवर लिहिलेली आज्ञा दुसऱ्या भूमीवर बजावायची आणि तिचा परिणाम परत पहिल्या भूमीच्या वहीत उतरवायचा, या येरझाऱ्यात कंसाचा आणि कोहोमॉलॉजीचा हिशेब कसा टिकवावा, हा त्यातील प्रश्न. दोन्ही भूमी एकच मानल्या की जुनी रचना परत मिळते. या सामान्यीकरणाने एक सर्वस्वी नवे विश्व उघडले असे मी म्हणणार नाही, कारण बिंदूशी बिंदू जुळतच असेल तर दोन भूमींचा भेद पुष्कळसा लेखनाचा राहतो; परंतु लेखन शुद्ध असणे हीच कित्येकदा अर्धी विद्या असते. भोरच्या दप्तरात बसून वेल्ह्याच्या डोंगरातील जमिनीचा मजकूर तपासणाऱ्या सचिवास हे पटवून द्यावे लागले नसते. त्याच्या वहीतील ओळ आणि गुंजण मावळातील बांध या दोन वस्तू एक नव्हेत, आणि दोहोंतील दुवा एका ठिकाणी जरी निसटला तरी सबंध जमाबंदी खोटी पडते, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असे.

या साऱ्याचा कोसंबींशी संबंध कोणता, असे विचारले जाईल. १९९६ मध्ये ॲलन वाइनस्टाइन याने आणि २००१ मध्ये एदुआर्दो मार्तिनेस याने यंत्रशास्त्राचे नियम ली अल्जिब्रॉइडवर मांडले, आणि आर्कुश यांनी त्यांना आपल्या सामान्यीकृत रचनेत आणले. तेथे पुन्हा तोच द्वितीय कोटीचा नियम, स्थान आणि वेग यांवरून पुढली चाल ठरवणारा, मध्यवर्ती झाला, मात्र वेगाच्या जागी आता आज्ञा आली. नांगर मध्ये घालून मांडलेली ही वाटांचीच भूमिती. कोसंबी हे पाहावयास उरले नव्हते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे देहावसान झाले, प्रादीनचे टिपण निघण्याच्या आदल्या वर्षी.

तोरण्याहून राजगडाकडे जाणाऱ्या त्या सोंडेवर पावसाळ्यात कधी उभे राहावे. त्या धारेवर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एकाच नियमाने चालणारे, क्षणात दुरावतात. एक उत्तरेच्या अंगाने कानंदीत आणि पुढे गुंजवणीत जातो, दुसरा दक्षिणेस वेळवंडीला मिळून भाटघरच्या जलाशयात शिरतो, ज्याला आता भुतोंड्याच्या येसाजी कंकांचे नाव आहे आणि ज्याचे धरण १९२८ पासून उभे आहे. कोसंबींचे शेजारच्या वाटांचे समीकरण त्या धारेवर लावले तर वाटा फाकतात असे ते स्पष्ट सांगेल. खाली खोऱ्यात लावले तर वाटा एकमेकींकडे झुकतात असे सांगेल. मधे राजगड आपल्या तिन्ही माच्यांसह जसाच्या तसा उभा राहतो, त्याच्या एका बाजूने एक पाणी, दुसऱ्या बाजूने दुसरे. आणि दोन्ही पाणी, आपापली लांबची वाट चालून, शेवटी नीरेत येते.